वर येणारे पाणी : किनारी ऊर्ध्वप्रवाह, सागरजलाचे रसायन आणि प्लवकांची वाढ

नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र गढूळ आणि खवळलेला दिसतो. त्याच दिवसांत पृष्ठभागाखाली एक संथ, पण दूरगामी बदल घडत असतो. भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, बाहेरच्या कडेकडचे थंड पाणी किनाऱ्याकडे सरकत वर चढते. त्यात पोषकद्रव्ये भरपूर असतात आणि ऑक्सिजन अगदी थोडा असतो. पावसाळा सरताना मिळणाऱ्या तारली-बांगड्यांच्या मुबलकतेचे मूळ या पाण्यात आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळ तयार होणाऱ्या ऑक्सिजनहीन थराचे मूळही त्याच पाण्यात आहे. ही दोन्ही फळे एकाच प्रक्रियेची कशी, हे समजण्यासाठी वारा, सागरजलाचे रसायन आणि प्लवकांचे जीवन यांचा एकत्र विचार करावा लागतो.

ऊर्ध्वप्रवाह म्हणजे काय

समुद्राच्या खालच्या थरातील पाणी वर येऊन पृष्ठभागाजवळच्या पाण्याची जागा घेते, त्या क्रियेला ऊर्ध्वप्रवाह किंवा अपवेलिंग म्हणतात. किनाऱ्यालगत हे पाणी साधारणपणे ५० ते २०० मीटर खोलीवरून येते. त्याचा वर चढण्याचा वेग दिवसाला काही मीटर इतकाच असतो. त्यामुळे ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही. तापमान, क्षारता आणि विरघळलेली द्रव्ये मोजल्यावरच ती उघड होते. ज्या पट्ट्यात ती घडते तो किनाऱ्याला समांतर असतो आणि त्याची रुंदी बहुधा काही दहा किलोमीटरच भरते. मात्र हा वेग आठवडेच्या आठवडे टिकला, तर भूखंडमंचावरचे जवळजवळ सगळे पाणी बदलून जाते.

वारा आणि पृथ्वीचे परिवलन

१८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाजावरील मोहिमेत नॉर्वेचे संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांना उत्तर ध्रुवाकडचा बर्फ वाऱ्याच्या दिशेने न सरकता तिच्या उजवीकडे सरकताना आढळला. त्याची गणिती उपपत्ती स्वीडनचे वॅग्न वॉल्फ्रिड एकमन यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केली. वारा पृष्ठभागाचे पाणी ओढतो, तो थर खालच्या थराला ओढतो आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रत्येक थर थोडा थोडा वळत जातो. या सर्व थरांचे एकत्रित वहन उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे होते. किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या वाऱ्यामुळे हे वहन खुल्या समुद्राकडे झाले, तर किनाऱ्यापाशी पाण्याची तूट पडते. जमिनीकडून ती भरून निघू शकत नाही. म्हणून खालचे पाणी वर येते. वाऱ्याची दिशा उलटी झाली की पाणी किनाऱ्याशी साचते आणि खाली दबते.

जगातील प्रमुख क्षेत्रे

पॅसिफिक आणि अटलांटिक महासागरांच्या पूर्व कडांवर या प्रक्रियेची चार मोठी क्षेत्रे आहेत : कॅलिफोर्निया-ऑरेगॉन, पेरू-चिली, वायव्य आफ्रिका आणि नामिबिया-दक्षिण आफ्रिका. ही चारही क्षेत्रे मिळून महासागराच्या एकूण क्षेत्रफळाच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास जागा व्यापतात. पण जगातील सागरी मासेमारीचा सुमारे पाचवा हिस्सा तेथून येतो. अरबी समुद्राची रीत वेगळी आहे. तेथे वारे ऋतूनुसार उलटतात, त्यामुळे ऊर्ध्वप्रवाहही हंगामी असतो. सोमालियाच्या किनाऱ्यावरून नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणारा जोरकस मोसमी वारा पृष्ठजल खुल्या समुद्राकडे लोटतो. एरवी २७-२८ अंश सेल्सियस असणारे पृष्ठजल तेथे जुलै-ऑगस्टमध्ये काही जागी २० अंशांच्याही खाली उतरते. ओमानच्या किनाऱ्यावरही याच वाऱ्याने खालचे पाणी वर येते.

पश्चिम किनाऱ्याचे वेगळेपण

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऊर्ध्वप्रवाह मे-जूनच्या सुमारास दक्षिण टोकाशी सुरू होतो आणि केरळ, कर्नाटक, गोवा असा उत्तरेकडे सरकतो. उत्तरेकडे तो क्षीण होत जातो. किनाऱ्याला समांतर असा वाऱ्याचा घटक येथे सोमालियाच्या मानाने बराच दुबळा आहे. म्हणून केवळ स्थानिक वाऱ्याने या प्रक्रियेचा उलगडा होत नाही. बंगालच्या उपसागरातील आणि श्रीलंकेभोवतीच्या वाऱ्यांनी निर्माण झालेले केल्विन तरंग, म्हणजे किनाऱ्यालगत प्रवास करणारे समुद्रतरंग, किनारा उजवीकडे ठेवून पुढे सरकतात, भारताचे टोक वळसा घालून ओलांडतात आणि पश्चिम किनाऱ्यावर खालचे थंड पाणी वर उचलण्यास हातभार लावतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी १९८७ च्या पावसाळ्यातील निरीक्षणांवरून १९९० मध्ये दाखवले की, या ऋतूत पृष्ठभागाचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि त्याच्याखाली भूखंडउताराला लगटून एक अंतःप्रवाह उत्तरेकडे वाहतो. भूखंडमंचावर चढणाऱ्या पाण्याचे गुणधर्म या खालच्या पाण्यावर बरेच अवलंबून असतात.

गोड्या पाण्याचे झाकण

दुसरे वेगळेपण पावसाचे आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस मांडवी, जुवारी, काळी, नेत्रावती अशा असंख्य लहान नद्यांतून थेट समुद्रात येतो, आणि समुद्रावरही पाऊस पडतच असतो. कमी क्षारतेचे हे हलके पाणी पाच-दहा मीटर जाडीचा थर करून पृष्ठभागावर पसरते. खालून येणारे थंड, खारट व घन पाणी या झाकणाखाली अडकते. त्यामुळे कोकणालगत अनेकदा ऊर्ध्वप्रवाह पृष्ठभागाच्या तापमानात पूर्णपणे उमटत नाही, पण काही मीटर खाली तापमान झपाट्याने घसरते. या झाकणाचा रासायनिक परिणाम मोठा आहे : हवेतील ऑक्सिजन खालपर्यंत सहज पोहोचत नाही.

खोल पाणी समृद्ध का असते

पृष्ठभागावर सूर्यप्रकाश असतो. पण नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट वनस्पतिप्लवक वापरून टाकतात. उष्ण प्रदेशातील शांत समुद्राच्या पृष्ठजलात नायट्रेट जवळजवळ शून्यावर आलेले असते. मेलेले प्लवक, प्राण्यांची विष्ठा आणि इतर सेंद्रिय कण खाली बुडतात. जीवाणू त्यांचे विघटन करतात आणि त्यातील नायट्रोजन, फॉस्फरस व कार्बन पुन्हा पाण्यात विरघळतात. खाली प्रकाश नसल्यामुळे ही द्रव्ये वापरणारे कोणी नसते. ती साचत जातात. तापमानातील तीव्र बदलाचा थर, म्हणजे थर्मोक्लाइन, वरच्या आणि खालच्या पाण्याला वेगळे ठेवतो. अशा रीतीने समुद्रात प्रकाश एकीकडे आणि पोषण दुसरीकडे अशी फारकत होते. ऊर्ध्वप्रवाह ही फारकत काही काळापुरती मिटवतो.

ठरावीक प्रमाण आणि त्याचे गणित

अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये दाखवले की, प्लवकांच्या शरीरातील कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांचे प्रमाण आणि खोल पाण्यातील त्यांच्या विरघळलेल्या रूपांचे प्रमाण यांत उल्लेखनीय सारखेपणा आहे. पुढे रूढ झालेले हे प्रमाण १०६ : १६ : १ असे आहे. एवढ्या सेंद्रिय द्रव्याच्या पूर्ण विघटनासाठी ऑक्सिजनचे सुमारे १३८ रेणू लागतात. यावरून एक महत्त्वाचा हिशेब निघतो. विघटनातून एक लिटर पाण्यात २० मायक्रोमोल नायट्रेट तयार होत असेल, तर त्यासाठी सुमारे १७० मायक्रोमोल ऑक्सिजन खर्च होतो आणि सुमारे १३० मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइडची भर पडते. उष्ण समुद्राच्या पृष्ठजलात मुळात ऑक्सिजन मावतो तोच लिटरला सुमारे २०० मायक्रोमोल. थंड प्रदेशात बुडालेले पाणी थोडा जास्त ऑक्सिजन आणि काही पोषकद्रव्ये सोबत घेऊनच निघते, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. तरी त्याचा अर्थ स्पष्ट आहे : पाणी जितके पोषक, तितके ते ऑक्सिजनला महाग आणि तितके अधिक आम्लधर्मी.

कार्बन आणि सामू

पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की कार्बोनिक आम्ल बनते. त्यातून सुटणारे हायड्रोजन आयन पाण्यातील कार्बोनेट आयनांशी संयोग पावून बायकार्बोनेट बनवतात. परिणामी सामू (pH) उतरतो आणि कार्बोनेटचा साठा घटतो. महासागराच्या पृष्ठजलाचा सरासरी सामू ८.१ च्या आसपास आहे. ऊर्ध्वप्रवाहाच्या पाण्यात तो ७.६ ते ७.८ पर्यंत खाली येऊ शकतो. सामूची मोजपट्टी लघुगणकीय असल्यामुळे ०.३ ने उतरलेला सामू म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट. शंख, शिंपले, कालवे आणि काही प्लवक यांची कवचे कॅल्शियम कार्बोनेटची असतात. त्यातील ॲरागोनाइट हे रूप लवकर विरघळते. अमेरिकी शास्त्रज्ञ रिचर्ड फीली आणि सहकाऱ्यांना २००७ च्या सर्वेक्षणात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲरागोनाइट विरघळवू शकणारे पाणी भूखंडमंचावर पसरलेले आणि उत्तर कॅलिफोर्नियाजवळ थेट पृष्ठभागापर्यंत आलेले आढळले. ऑरेगॉनच्या किनाऱ्यावरील कालवांच्या बीजोत्पादन केंद्रांत त्याच काळात अळ्या मोठ्या प्रमाणावर मेल्या; पुढील अभ्यासात त्याचा संबंध अशाच पाण्याशी जोडला गेला.

ताजे पाणी आणि मुरलेले पाणी

ऊर्ध्वप्रवाहाचे पाणी पृष्ठभागावर येते तेव्हा त्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हवेशी समतोल राखण्याइतक्यापेक्षा जास्त असते, म्हणून सुरुवातीला समुद्र हा वायू हवेत सोडतो. नंतर प्लवकांची वाढ सुरू झाली की प्रकाशसंश्लेषणात हाच वायू वापरला जातो. सामू पुन्हा चढतो, नायट्रेट घटते, ऑक्सिजन वाढतो. त्यामुळे काही किलोमीटरच्या अंतरात आणि काही दिवसांच्या फरकाने तेच पाणी कार्बनचा स्रोत ठरते आणि नंतर कार्बन शोषून घेणारे ठरते. एखाद्या क्षेत्राचा वर्षाचा ताळेबंद कोणत्या बाजूला झुकतो, हे पाणी किती वेगाने वर येते आणि प्लवक त्यातील पोषण किती पूर्णपणे वापरतात यावर ठरते.

प्लवकांची वाढ कशी होते

पोषकद्रव्ये आली की लगेच प्लवक वाढतात असे नाही. नुकत्याच वर आलेल्या पाण्यात पेशी विरळ असतात आणि त्या अंधाराला सरावलेल्या असतात. उथळ, स्थिर आणि उजेड असलेल्या थरात त्यांना काही दिवस मिळावे लागतात. अनुकूल स्थितीत अनेक प्रजातींच्या पेशी दिवसाला एकदा किंवा त्याहूनही जलद दुप्पट होतात. त्यामुळे आठवड्याभरात पाण्याचा रंग हिरवट-तपकिरी होतो. वारा सतत जोराचा राहिला तर पेशी खोलवर घुसळल्या जातात किंवा खुल्या समुद्राकडे वाहून जातात. वारा काही दिवस वाहून नंतर मंदावला, तर पोषण आणि उजेड दोन्ही मिळतात. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातील ढग आणि नद्यांचा गाळ उजेड अडवतात. म्हणून पावसाची उघडीप प्लवकांच्या वाढीसाठी महत्त्वाची ठरते. रिचर्ड डग्डेल आणि जॉन गोअरिंग यांनी १९६७ मध्ये खालून आलेल्या नायट्रेटवर होणारे ‘नवे’ उत्पादन आणि वरच्याच थरात पुन्हा वापरल्या जाणाऱ्या अमोनियावर होणारे ‘पुनर्निर्मित’ उत्पादन असा भेद केला. ऊर्ध्वप्रवाहाच्या क्षेत्रात नव्या उत्पादनाचा वाटा मोठा असतो, आणि मासेमारीतून काढता येणारे किंवा तळाकडे जाणारे द्रव्य दीर्घकाळात याच वाट्यावर अवलंबून असते.

कोणते प्लवक, कोणत्या क्रमाने

आरंभी बहुधा डायाटमांचे वर्चस्व असते. त्यांच्या पेशीला सिलिकाचे कवच असते, त्या आकाराने मोठ्या असतात आणि भरपूर नायट्रेट असेल तर वेगाने वाढतात. डायाटमांमध्ये सिलिकॉन व नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण एकास एक असते. म्हणून सिलिकेट आधी संपले तर नायट्रेट उरूनही डायाटमांची वाढ थांबते. लोह हे दुसरे बंधन आहे. रुंद भूखंडमंचाच्या गाळातून ते पुरेसे मिळते. पण कॅलिफोर्निया आणि पेरूच्या अरुंद भूखंडमंचाच्या काही भागांत त्याची उणीव वाढ रोखते. पाणी स्थिरावून पोषण घटले की पोहू शकणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटांना संधी मिळते. त्यातील काही प्रजाती विषारी असतात. पश्चिम किनाऱ्यावर या क्रमाची दुसरी टोकाची स्थिती उन्हाळ्यात दिसते : फेब्रुवारी ते मे या काळात नायट्रेट जवळजवळ नसते, तेव्हा हवेतून विरघळलेला नायट्रोजन स्थिर करू शकणारा ट्रायकोडेस्मियम पृष्ठभागावर भुशासारखे थर करतो. कोणता जीव वाढेल हे अशा रीतीने पाण्याचे रसायन ठरवते.

प्राणिप्लवक आणि मासे

वनस्पतिप्लवक वाढल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्यांवर जगणारे प्राणिप्लवक, मुख्यतः कोपेपॉड, वाढतात. सोमालियाजवळची कॅलॅनॉइडिस ही कोपेपॉड प्रजाती प्रतिकूल ऋतू शेकडो मीटर खोलीवर सुप्तावस्थेत काढते आणि ऊर्ध्वप्रवाहाच्या वेळी वर येते. डायाटम मोठे असल्यामुळे काही मासे ते थेट खाऊ शकतात. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन रायथर यांनी १९६९ मध्ये मांडले की, खुल्या महासागरात वनस्पतिप्लवकांपासून माशांपर्यंत सुमारे पाच पायऱ्या असतात, तर ऊर्ध्वप्रवाहाच्या क्षेत्रात एक-दोनच. प्रत्येक पायरीवर बहुतेक ऊर्जा खर्च होत असल्याने अन्नसाखळी आखूड असणे हेच विपुल मत्स्योत्पादनाचे मुख्य कारण ठरते. भारतीय तारली ही याचे उत्तम उदाहरण आहे. आर. व्ही. नायर आणि आर. सुब्रह्मण्यन यांनी १९५५ मध्ये फ्रॅजिलॅरिया ओशिॲनिका या डायाटमाची विपुलता आणि तारलीची विपुलता यांचा संबंध नोंदवला. पावसाळ्यानंतर कोकण-गोव्याच्या रापणीत येणाऱ्या तारली-बांगड्यांचे थवे याच हंगामी अन्नावर वाढलेले असतात.

ऑक्सिजनची तूट

वरच्या थरात तयार झालेले सेंद्रिय द्रव्य सगळेच खाल्ले जात नाही. त्याचा मोठा भाग बुडतो. वर येणाऱ्या पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी असतो. त्यात नव्या विघटनाची भर पडते आणि पश्चिम किनाऱ्यावर गोड्या पाण्याचे झाकण हवेशी देवाणघेवाण रोखते. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीच्या दरम्यान जगातील सर्वांत तीव्र ऑक्सिजन-न्यून थरांपैकी एक कायमच आहे. भूखंडमंचावर चढणारे पाणी त्याच्याच वरच्या कडेजवळचे असते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यातील कांदोळीसमोर किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर, २५ ते ३० मीटर खोलीच्या ठिकाणी १९९७ पासून नियमित निरीक्षणे घेत आली आहे. तेथील क्रम दरवर्षी साधारण असाच दिसतो : जून-जुलैत तळाचे पाणी थंड होऊ लागते, ऑगस्टपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ संपतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्थिती सर्वांत बिकट होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रवाह उलटून पाणी पुन्हा श्वसनयोग्य बनते.

नायट्रोजनाचा उलटा प्रवास

ऑक्सिजन संपला की विघटन थांबत नाही. जीवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात. या विनायट्रीकरणात नायट्रेटचे रूपांतर नायट्राइट, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायूत होते. म्हणजे ज्या पोषकद्रव्याने प्लवक वाढले, त्याचाच एक भाग त्याच ऋतूत कायमचा हवेत निघून जातो. नायट्रेटही संपले की सल्फेट वापरणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. कांदोळीच्या तळाजवळच्या पाण्यात पावसाळ्याच्या शेवटी तो आढळतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात पश्चिम किनाऱ्यावरील या ऑक्सिजन-न्यून क्षेत्राचा विस्तार सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर असल्याचे आणि तेथे नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात साचत असल्याचे दाखवले. हा वायू शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनामागे सुमारे २७० पट अधिक उष्णता अडवतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या पाण्याचे रसायन थेट हवामानाशी जोडले जाते.

तळाच्या जीवांवर परिणाम

पोहू शकणारे मासे ऑक्सिजन नसलेल्या पाण्यापासून दूर सरकतात : काही पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात, तर काही उथळ किनारपट्टीत गोळा होतात. तेथे ते जाळ्यात सहज सापडतात, त्यामुळे जास्त मिळालेली मासळी म्हणजे वाढलेला साठाच असतो असे नाही. हलू न शकणारे तळाचे प्राणी मात्र मरतात. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एलँड्स बे येथे १९९७ मध्ये प्लवकांच्या बहरानंतर पाण्यातील ऑक्सिजन संपला आणि सुमारे २००० टन शेवंडे किनाऱ्यावर येऊन पडले. नामिबियाजवळ तळाच्या गाळातून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडमुळे समुद्राचा रंग दुधी-हिरवट होतो आणि तो उपग्रहाच्या चित्रांतही दिसतो.

मोजमापाच्या पद्धती

ऊर्ध्वप्रवाहाचा अभ्यास कोणत्याही एका साधनाने पुरा होत नाही. जहाजावरून सोडलेली उपकरणे खोलीनुसार तापमान, क्षारता आणि ऑक्सिजन नोंदवतात. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट मोजतात. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी १८८८ मध्ये विंकलर यांनी दिलेली अनुमापन पद्धत आजही प्रमाण मानली जाते. १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ उपग्रहावरील उपकरणाने समुद्राच्या रंगावरून हरितद्रव्य मोजता येते हे दाखवले. भारताने १९९९ मध्ये ओशनसॅट-१ आणि २०२२ मध्ये ओशनसॅट-३ हे उपग्रह सोडले. उपग्रहाला ढगांआडचे दिसत नाही, आणि पश्चिम किनाऱ्यावर ऊर्ध्वप्रवाहाचा काळ नेमका ढगांचाच असतो. शिवाय गोड्या थराखालची स्थिती त्याला कळत नाही. म्हणून कांदोळीसारख्या दीर्घकालीन स्थानकांना पर्याय नाही.

उपयोग

हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र पृष्ठतापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय नोंदींवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना मच्छीमारांना देते. थंड व उबदार पाण्याच्या सीमारेषेवर प्लवक आणि त्यामागे मासे गोळा होतात, हे त्यामागचे सूत्र आहे. अशा सूचनेमुळे शोधाचा वेळ आणि डिझेल वाचते. ऑरेगॉनमधील बीजोत्पादन केंद्रे आता पाण्याचे रसायन सतत मोजतात आणि आम्लधर्मी पाणी येताच त्यावर प्रक्रिया करतात. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये असणारी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारी बंदीही ऊर्ध्वप्रवाहाच्या काळाशी जुळते. या दिवसांत अनेक माशांची वीण होते आणि पिल्लांना प्लवकांचे अन्न मिळते.

मर्यादा आणि चढउतार

जास्त ऊर्ध्वप्रवाह म्हणजे जास्त मासे, हे समीकरण सरळ नाही. फिलिप क्यूरी आणि क्लोद रॉय यांनी १९८९ मध्ये दाखवले की, माशांच्या पिल्लांच्या जगण्यासाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ ते ६ मीटरच्या आसपास असणे सर्वांत अनुकूल असते. त्याहून कमी वाऱ्यात अन्न कमी पडते. जास्त वाऱ्यात पिल्ले वाहून जातात. एल निनोच्या वर्षी पेरूजवळ उबदार पाण्याचा थर जाड होतो. वारा चालू राहिला तरी वर येणारे पाणी पोषकद्रव्यांच्या दृष्टीने निकृष्ट असते. पेरूची अँकोव्हेटा मासळी १९७० मध्ये १.२ कोटी टनांच्या वर मिळत होती; अतिमासेमारी आणि १९७२-७३ चा एल निनो यांमुळे ती १९७३ मध्ये २० लाख टनांच्या आसपास घसरली. केरळची तारलीही २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन मिळाली आणि २०२१ मध्ये अवघ्या काही हजार टनांवर आली.

तापणारा समुद्र

अँड्र्यू बाकुन यांनी १९९० मध्ये असा तर्क मांडला की, जमीन समुद्रापेक्षा जास्त तापल्याने किनाऱ्यालगतचे वारे आणि ऊर्ध्वप्रवाह जोर धरतील. याच्या उलट, पृष्ठजल तापल्यामुळे थरांमधील घनतेचा फरक वाढतो आणि खालचे पाणी वर येणे अवघड होते. अरबी समुद्रात दोन्ही बाजूंचे पुरावे मांडले गेले आहेत. २००५ मध्ये जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी पश्चिम अरबी समुद्रात प्लवक वाढत असल्याची नोंद केली. २०१६ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी सहा दशकांचा आढावा घेऊन पश्चिम हिंदी महासागरात वनस्पतिप्लवकांत २० टक्क्यांपर्यंत घट दाखवली. कालखंड, क्षेत्र आणि साधने वेगळी असल्याने निष्कर्षांत असा फरक पडतो. उबदार पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरत राहतो, या दोन गोष्टी मात्र निर्विवाद आहेत. त्याशिवाय शेतीतील खते आणि शहरांचे सांडपाणी यांतून येणारा नायट्रोजन किनारी पाण्यात भर घालतो. नैसर्गिक तुटीच्या काठावर असलेल्या पाण्याला ही भर पेलणारी नसते.

निष्कर्ष

किनारी ऊर्ध्वप्रवाह पोषण, कार्बनचा भार आणि ऑक्सिजनची तूट या तिन्ही गोष्टी एकाच पाण्यातून वर आणतो; त्यांपैकी फक्त एक निवडता येत नाही. प्लवकांना उजेड आणि वेळ मिळाला तर त्यातून मासळी निर्माण होते. पाणी कोंडले गेले तर तेच पोषण श्वास गुदमरवणारे ठरते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ही दोन्ही टोके दरवर्षी पाच-सहा महिन्यांत एकापाठोपाठ येतात. वाऱ्यावर आणि मोसमी पावसावर मानवाचा ताबा नाही. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्यावर आणि खतांवर, तसेच मासेमारीच्या प्रमाणावर तो आहे. किनाऱ्याचे नियोजन करताना ऊर्ध्वप्रवाहाच्या ऋतूला स्वतंत्र स्थान द्यायला हवे. त्यासाठी गोव्यासारखी नियमित निरीक्षणे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही दीर्घकाळ चालू राहणे आवश्यक आहे.